डबलसीट जायचं, पण स्पोर्ट्स बाइकवर

स्पोर्ट्स बाइक घ्यायला गेलेल्याला शोरूममध्ये मागची सीट कुणी दाखवत नाही. दाखवण्यासारखं तिथे फारसं नसतंच. वीतभर रुंदीचा, पुढच्या सीटपेक्षा बराच उंच आणि पुढे उतरता असा एक कडक तुकडा. फुटरेस्ट इतके वर की गुडघे पोटाशी येतात. धरायला सीटवरून आडवा गेलेला एक पट्टा, नाहीतर सीटखाली चार बोटं जातील एवढी खाच. गावातल्या गावात फिरायला हे पुरतं. पुण्याहून ताम्हिणी उतरून श्रीवर्धन, तिथून फेरीबोटी बदलत गुहागर, गणपतीपुळे आणि आंबा घाटाने परत, असा बेत असेल तर पुरत नाही. आम्ही नवराबायको तरीही जातो. माझी गाडी निंजा ३००. २९६ सीसी, १७ लिटरची टाकी, वजन १८० किलोच्या आसपास, आणि हँडल त्यातल्या त्यात उंच. म्हणजे तशी सोशीक गाडी. ज्यांच्याकडे आरसी ३९० किंवा आर१५ आहे त्यांनी पुढचं सगळं जरा जास्तच मनावर घ्यावं.

पहिल्या लांबच्या फेरीसाठी सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या कापडी सॅडलबॅगा घेतल्या. दुकानात त्या बसवून मिळाल्या. बसवणाऱ्याने पट्टे ओढून दाखवले, बॅग आणि सायलेन्सर यांच्यात हात घालून दाखवला, "काही होत नाही साहेब" असं आश्वासनही दिलं. मुळशी मागे पडलं, रस्ता खराब झाला, आणि बायकोने खांद्यावर थाप मारली. "अरे, काहीतरी जळतंय." उतरून पाहतो तर उजव्या बॅगेचा तळ वितळून सायलेन्सरला चिकटलेला, आत रेनकोटची बाही गेलेली. मी पुढे वाऱ्यात होतो, मला वास आलाच नव्हता. आणखी थोडं तसंच गेलो असतो तर पेट घ्यायला वेळ लागला नसता.

दुकानात हात गेला होता हे खरं. पण तेव्हा बॅग रिकामी होती, गाडी स्टँडवर होती, मागे कुणी बसलेलं नव्हतं. रस्त्यावर बॅग भरलेली होती, वजनाने खाली ओघळली होती, बायकोच्या पोटरीने ती आत दाबली जात होती, आणि दोघांच्या भाराने मागचा शॉकअप दबून गाडीच्या मागच्या भागाची ठेवणच बदलली होती. तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे: रिकाम्या, उभ्या गाडीवर केलेली कुठलीही जोडणी धरू नका. दोघं बसा, सामान लादा, मग मोजा. बॅग सायलेन्सरपासून किती लांब, चाकापासून किती लांब, इंडिकेटर आणि नंबरप्लेट दिसते का, हे तिसऱ्या माणसाने बघायचं. बसलेल्यांना खाली दोनचारदा जोरात दाबायला सांगायचं आणि तेव्हाही बॅग टायरला लागत नाही ना, ते बघायचं. सायलेन्सरच्या बाजूला उष्णतारोधक पत्रा किंवा बॅग बाहेर धरून ठेवणारा लोखंडी आधार हवाच. कंपनीचा सायलेन्सर काढून आखूड, वर वळलेला बसवला असेल तर कापडी बॅगेचा नाद सोडा.

शॉकअपकडे बहुतेक जण बघतच नाहीत. एकट्याने चालवायला आरामशीर वाटणारी ठेवण दोघांना ढिली पडते. माझ्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगला कमीजास्त करायच्या पाच पायऱ्या आहेत. तुमच्या गाडीला तशी सोय आहे का हे पुस्तिकेत बघा, आणि असेल तर निघण्याआधी ताण वाढवून घ्या. नाही वाढवला तर मागचा भाग खाली बसतो आणि पुढचं चाक हलकं पडतं. वळणावर गाडी तुमच्या मनातल्या रेषेच्या बाहेर जायला लागते. घाटात समोरून एसटी येत असताना हे कळणं बरं नव्हे. साइडस्टँडचाही घोळ होतो. गाडी खाली बसली की त्याच स्टँडवर ती नेहमीपेक्षा सरळ उभी राहते आणि जरा उताराच्या जागी दुसऱ्या बाजूला कलंडू शकते.

हेडलाइटचं तसंच. मागून गाडी दबली की पुढचा झोत वर जातो. समोरचे लोक डिपर मारायला लागले की आपल्याला वाटतं, काय उर्मट माणसं! ती बिचारी आंधळी झालेली असतात. भिंतीसमोर गाडी लावा, एकट्याने बसून झोताची वरची कड खडूने आखा, मग दोघं बसून सामानासह पुन्हा बघा आणि स्क्रू फिरवून झोत मूळ रेषेवर आणा. परत आल्यावर पूर्ववत करायला विसरू नका, नाहीतर एकट्याने जाताना फक्त पुढचं मडगार्ड उजळेल.

चेन मात्र उलटी वागते. मागचं चाक ज्या दांड्यावर बसतं तो वरखाली होतो तेव्हा पुढच्या आणि मागच्या चक्रातलं अंतर बदलतं. पुढचं चक्र, दांड्याची बिजागरी आणि मागचा आस एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. भार वाढला की गाडी त्या अवस्थेच्या जवळ जाते. म्हणून "लांब जायचंय, जरा टाइट करून द्या" असं गॅरेजमध्ये सांगणं घातक. रिकाम्या गाडीवर टाइट दिसणारी चेन भाराखाली तारेसारखी ताणते. बेअरिंगं खाते, स्वतःही जाते. पुस्तिकेत दिलेली ढिलाई ठेवा, आणि दोघं बसल्यावर चेन हाताने वरखाली होते का हे तिसऱ्याकडून तपासून घ्या.

टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असताना भरायची. किती, ते दांड्यावरच्या किंवा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. पुष्कळ गाड्यांवर एकट्याचा आणि दोघांचा आकडा वेगळा असतो. पंपावरचा पोऱ्या "किती मारू" म्हणतो तेव्हा अंदाजे आकडा सांगू नका. जाताजाता गाडीची कमाल भारमर्यादाही वाचून ठेवा. या वर्गातल्या गाड्यांची ती साधारण दीडशे ते एकशेऐंशी किलोंच्या घरात असते, आणि त्यात दोन माणसं, हेल्मेटं, जाकिटं, बूट, बॅगा असं सगळं आलं. सत्तर आणि साठ किलोंचं जोडपं असेल तर सामानाला काय उरतं ते तुम्हीच मांडा. आम्ही बॅगा वजनकाट्यावर ठेवल्या आणि निम्मे कपडे घरी राहिले. कोकणात साबणाने कपडे धुता येतात, दोरी सगळ्या घरगुती मुक्कामांत असते.

आता डिकी. मागे मोठी डिकी लावली की सगळा प्रश्न सुटला, असं टूरिंग बाइकवाल्यांकडे बघून वाटतं. त्यांच्या गाड्यांचा मागचा सांगाडा त्यासाठीच बनवलेला असतो. स्पोर्ट्स बाइकची शेपटी सडपातळ, वर उचललेली. तिच्या टोकाला भरलेली डिकी म्हणजे मागच्या चाकाच्या आसाच्याही पलीकडे लटकणारं वजन. त्याने पुढचं चाक आणखी हलकं होतं, वेगात हँडल डुलायला लागतं, आणि खड्ड्याखड्ड्याला सांगाड्याच्या नळ्यांवर घाव बसतो. वेल्डिंग करून कॅरियर जोडून देणारे ठिकठिकाणी भेटतील. करू नका. सांगाड्याला चीर गेली तर ती फेअरिंगखाली दिसतही नाही. जड वस्तू, म्हणजे हवेचा छोटा पंप, पंक्चरचं सामान, कुलूप, पाणी, टाकीवरच्या बॅगेत किंवा सॅडलबॅगेत खाली. मागे सीटच्या शेपटावर फक्त हलकी पिशवी, कपड्यांची. टाकीवरची बॅग घेताना हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. बॅगेचा दाब हॉर्नवर किंवा अ‍ॅक्सिलरेटरवर येता कामा नये. प्लास्टिकचं आवरण असलेल्या टाकीला चुंबकाची बॅग चिकटत नाही, हे विकत घेण्याआधी कळलेलं बरं.

आकडेवाल्या रबरी दोऱ्या घरी ठेवा. त्या निसटल्या की आकडा डोळ्याशी येतो. बकलचे पट्टे वापरा आणि त्यांची उरलेली टोकं गुंडाळून चिकटपट्टीने बांधा. वाऱ्यात फडफडणारं टोक चेनमध्ये गेलं तर मागचं चाक जागच्या जागी अडकू शकतं. ओढणीलाही हाच नियम. मागे बसणाऱ्या बाईने ओढणी, स्कार्फ, पदर यांपैकी काहीही मोकळं ठेवायचं नाही. दिसायला बरं नाही म्हणून साडीगार्ड काढून टाकणारे महाभाग खूप आहेत. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागच्या माणसासाठी धरायला मूठ, पायाला फुटरेस्ट आणि मागच्या चाकाच्या निम्म्या भागावर आच्छादन सांगतो, ते उगाच नाही. हेल्मेट तर कायद्याने दोघांनाही लागतं. मागच्याचं हेल्मेट म्हणजे कपाटावरचं जुनं, सैल, असं नको.

या सगळ्याआधी मी करायला हवी अशी गोष्ट बायकोने सुचवली. मित्राला गाडी चालवायला दिली आणि मी माझ्याच गाडीच्या मागे बसून खेड शिवापूरपर्यंत गेलो. प्रत्येक ब्रेकला मी घसरून त्याच्या पाठीवर आदळत होतो, प्रत्येक स्पीडब्रेकरला कण्यात कळ जात होती, आणि पुढचं काही दिसत नसल्याने कधी काय होणार याची कल्पनाच येत नव्हती. मित्राची तक्रार वेगळी: माझा भार त्याच्या पाठीवरून मनगटांवर उतरत होता. परतल्यावर कुशनवाल्याकडे गेलो. सीट नुसती मऊ करून घेऊ नका. मऊ फोम तासाभरात बसतो आणि खालची प्लेट टोचू लागते. पुढचा उतार भरून सपाट करा, फोम घट्ट घ्या, मांडीखालची कड गोल करा. उंची मात्र फार वाढवू नका, मागच्याच्या छातीवर वारा जोरात येतो. धरायला चालकाच्या कमरेला बांधायचा मुठींचा पट्टा मिळतो, तो स्वस्त आणि कामाचा. ब्रेक लागताना मागच्याने पुढे हात घालून टाकीवर टेकवायचे. ही सवय लागली की चालकाची मनगटं वाचतात.

हँडल उंच करण्याचे तुकडे बाजारात मिळतात. बसवले तर हँडल शेवटपर्यंत वळवून ब्रेकची नळी आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणली जात नाही ना, ते इंजिन चालू ठेवून बघा. वळवताना आवाज वाढला तर लगेच काढा.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी, दोन्ही दुचाकींना बंद. त्यामुळे आपल्या वाट्याला जुने रस्ते आणि घाट येतात. उतारावर दोघांचं वजन ब्रेकवर सोडू नका, खालच्या गिअरमध्ये उतरा. मागे भार असल्याने मागचा ब्रेक एकट्यापेक्षा जास्त धरतो, तो वापरायची सवय करा, पण थांबायला अंतर जास्त लागणारच. खुणा आधी ठरवा: खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. तासाभराने थांबायचंच, मागच्याने मागितलं नाही तरी. चढणं-उतरणं चालकाने हो म्हटल्यावरच. बागमांडल्याला, दाभोळला किंवा जयगडला बोटीवर गाडी चढवताना मागच्याला आधीच उतरवा. ओला लोखंडी उतार, लादलेली गाडी आणि वर माणूस हे जमत नाही. बोटीवर गाडी गिअरमध्ये ठेवा आणि धक्का येईपर्यंत तिच्याशेजारी उभे राहा.

निघण्याच्या आदल्या रविवारी सगळं सामान बांधून, पूर्ण पोशाखात, कात्रजचा जुना घाट चढून उतरून या. आल्यावर पट्टे, चेन, दिवा आणि सायलेन्सरजवळची बॅग पुन्हा बघा, आणि मागे बसलेल्या माणसाला विचारा, याच्या पाचपट जायचं का? ती किंवा तो नाही म्हणाला तर समजूत काढत बसू नका. रत्नागिरीची एसटी स्वारगेटहून सुटते, आणि गाडी एकट्याने न्यायला कुणाची हरकत नाही.