शहराचा हवामान आराखडा: इथे काम कोणाला मिळतं?

२०१९ या एका वर्षात मुंबईने २ कोटी ३४ लाख टन हरितगृह वायू हवेत सोडले. हा आकडा मुंबई महापालिकेच्या हवामान कृती आराखड्यातला आहे आणि तो कुठल्या यंत्रावर वाचून मिळत नाही. वर्षभरात शहरात किती युनिट वीज खपली, किती पेट्रोल-डिझेल, सीएनजी आणि स्वयंपाकाचा गॅस लागला, कचराभूमीवर किती कचरा पडला, या नोंदी ठिकठिकाणांहून मागवायच्या, न जुळणाऱ्या जुळवायच्या, प्रत्येकीला ठरलेल्या गुणकाने गुणायचं आणि मग बेरीज करायची. कोणीतरी टेबलाशी बसून हे चिवट काम केलं. ‘पर्यावरणात करिअर म्हणजे मुलगी झाडंच लावणार का?’ असं विचारणाऱ्या पालकांना मी आधी या बेरजेबद्दल सांगते.

कारण पुढचे सगळे निर्णय त्या बेरजेवर उभे राहतात. मुंबईच्या उत्सर्जनात ७० टक्क्यांहून जास्त वाटा इमारती आणि उद्योगांतल्या ऊर्जेचा, म्हणजे मुख्यतः विजेचा निघाला. वाहतूक त्यानंतर, साधारण २० टक्के. रस्त्यावरचा धूर डोळ्यांना दिसतो म्हणून आपण वाहनांनाच दोष देत बसलो असतो. १३ मार्च २०२२ रोजी जाहीर झालेल्या या आराखड्याने २०१९च्या तुलनेत २०३०पर्यंत ३० टक्के घट आणि २०५०पर्यंत नक्त शून्य उत्सर्जन असं उद्दिष्ट ठेवलं. ते गाठायचं तर ऊर्जा आणि इमारती, वाहतूक, कचरा, हिरवाई, हवेची गुणवत्ता आणि पूर-पाणी अशा सहा आघाड्यांवर माणसं लागतात. ती सगळी एकाच पदवीतून येत नाहीत, हे आधी पक्कं समजून घ्या.

हिंदमाताचं उदाहरण घ्या. दादर-परळचा हा बशीसारखा खोलगट भाग दर पावसाळ्यात तुंबायचा. साचलेलं पाणी तात्पुरतं साठवता यावं म्हणून महापालिकेने जवळच्या उद्यानाखाली आणि मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या. भरतीच्या वेळी पाणी समुद्रात जात नाही, तेव्हा ते टाकीत थांबवायचं आणि पुढे सोडायचं. टाकी किती मोठी हवी, हे ठरवायला पावसाच्या नोंदी वाचणारा हवामान अभ्यासक, उतार मोजणारा जीआयएसचा, म्हणजे संगणकी नकाशांचा, तंत्रज्ञ आणि पंपांचा हिशेब करणारा स्थापत्य अभियंता लागतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तो दिवस पाहिलेल्या पालकांना या कामाचं मोल वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

अहमदाबादचा प्रश्न वेगळा होता. २०१०च्या मे महिन्यातल्या उष्णतेच्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा खूप जास्त माणसं दगावली. २०१३मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा केला, भारतातल्या शहरांत पहिला. त्यात केंद्रस्थानी सार्वजनिक आरोग्याची माणसं होती: पारा किती चढला की इशारा द्यायचा, दवाखान्यांनी काय तयारी ठेवायची, उन्हात राबणाऱ्या मजुरापर्यंत निरोप कसा पोचवायचा. जीवशास्त्र घेतलेल्या आणि एमबीबीएसला प्रवेश न मिळालेल्या मुलांना हा रस्ता कोणी दाखवतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

वाणिज्य शाखेलाही इथे जागा आहे. २०२४-२५साठी मुंबई महापालिकेने स्वतंत्र हवामान अर्थसंकल्प अहवाल काढला. कोणत्या खात्याचा कोणता खर्च हवामानाच्या उद्दिष्टांना हातभार लावतो, ते त्यात वेगळं काढून दाखवलं जातं. पैशाची तरतूद नसलेला आराखडा कपाटात जातो. त्याला बाहेर ठेवणारी माणसं लेखा आणि अर्थशास्त्र शिकलेली असतात.

आता शिक्षणाचं. बारावीनंतर नियोजनाच्या पदवीसाठी, म्हणजे बी.प्लॅनिंगसाठी, जेईई मेनचा पेपर २बी असतो. त्यासाठी गणित सोडू नका. दिल्लीचं स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर आणि अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ ही या विषयातली जुनी नावं. पदव्युत्तर टप्प्यावर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत हवामान बदल आणि शाश्वततेचा अभ्यासक्रम आहे, आयआयटी मुंबईत हवामान अभ्यासाचा आंतरविद्याशाखीय कार्यक्रम आहे. मान्सूनच्या विज्ञानात रस असेल तर पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था डोळ्यांपुढे ठेवा.

माझं मत स्पष्ट आहे: पहिली पदवी कसदार मूळ विषयात घ्या. स्थापत्य, वास्तुकला, संख्याशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र, कायदा, काहीही चालेल. ‘हवामान’ हा शब्द दुसऱ्या पदवीत येऊ द्या. यात पालकांच्या काळजीचंही उत्तर आहे. या क्षेत्रातल्या सुरुवातीच्या नोकऱ्या बऱ्याचदा प्रकल्पापुरत्या, करारावरच्या असतात. सल्लागार कंपन्या आणि संशोधन संस्था तशीच माणसं घेतात. महापालिकांत कायम पदं थोडी आहेत. नगररचनाकाराच्या पदांसाठी एमपीएससीची परीक्षा द्यावी लागते आणि जाहिरातीची वाट पाहावी लागते. प्रकल्प संपला तरी स्थापत्य अभियंता हा स्थापत्य अभियंताच राहतो.

पदवी चालू असतानाच क्यूजीआयएस शिकून घ्या. हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आणि मराठीत नीट लिहायला-बोलायला शिका. वॉर्ड ऑफिसमधल्या अभियंत्याशी आणि वस्तीतल्या बाईशी बोलल्याशिवाय पाणी नेमकं कुठून शिरतं ते कळत नाही.

मुंबईचा आराखडा सर्वांना वाचायला खुला आहे. सुट्टीत एक दिवस मुलाबरोबर बसून तो उघडा. वाचताना मूल कुठे रेंगाळतं ते बघा: पुराच्या नकाशावर, विजेच्या तक्त्यावर, की माणसांबद्दलच्या पानांवर. शाखा त्यानंतर निवडा.