वीस मार्चच्या आधी एवढं विचारून घे

अगं, पोलादपूरच्या होमस्टेची साईट तू किती मनापासून केलीस! चंद्रगडाच्या वाटेचे, उमरठचे फोटो बघून मला फार बरं वाटलं. आता होस्टिंग घेताना नुसता महिन्याचा दर बघू नकोस. वापर कसा मोजतात, ते आधी विचार.

छोट्या प्लॅनमध्ये बहुधा महिन्याचे जीबी मोजतात. ठरलेल्यापेक्षा जास्त गेले की वरचे पैसे. मोठा, स्वतंत्र सर्व्हर घेतलास तर कधीकधी वेगावर बिल येतं. महाड एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्यांना विजेच्या युनिटचे पैसे वेगळे आणि मागणी आकार वेगळा लागतो, त्यातलाच हा प्रकार. होस्टिंगवाले दर 5 मिनिटांनी नेटवर्क स्विचवरचा आकडा वाचून त्या वेळातला सरासरी वेग लिहून ठेवतात. 30 दिवसांत अशा 8,640 नोंदी होतात. त्यातल्या सगळ्यात वरच्या 5 टक्के, म्हणजे 432, सोडून देतात आणि उरलेल्यांत जो वेग सर्वांत जास्त, त्यावर अख्ख्या महिन्याचं बिल लावतात. याला नाइंटी फिफ्थ पर्सेंटाइल म्हणतात. सोडलेल्या नोंदींचे तास होतात 36.

आपल्याकडे हे 36 तास फार महत्त्वाचे. 20 मार्चला चवदार तळ्यावर माणसं येतात, 6 जूनला रायगडावर. राहायची सोय शोधणारे तेव्हाच तुझ्या साईटवर येणार. ती झुंबड दीड दिवसात ओसरली तर बिलात दिसतही नाही. चाळीस तास टिकली, की महिनाभराचं बिल त्याच चढ्या वेगावर. जीबीच्या प्लॅनमध्ये अशी सूट नाहीच, तिथे गेलेला प्रत्येक फोटो मोजला जातो.

म्हणून फोटो आधी लहान कर. 4 एमबीचे दहा फोटो हजार जणांनी उघडले तर 40 जीबी गेले. तेच प्रत्येकी 200 केबीचे केलेस तर 2 जीबी. मोबाईलवर फरक कळतसुद्धा नाही. आणि भेट देणाऱ्यांच्या आकड्यावरून बिलाचा अंदाज बांधू नकोस. सर्च इंजिनांचे बॉट येऊन पानं चाळतात, दुसरी एखादी साईट तुझाच फोटो थेट तुझ्या सर्व्हरवरून दाखवते. तो सगळा वापर तुझ्याच खात्यावर पडतो. ‘अनलिमिटेड’ लिहिलेलं असेल तर खालच्या अटी नीट वाच. बहुतेक वेळा वाजवी वापराची मर्यादा तिथेच असते.

सगळ्यात जास्त काळजी मला कशाची वाटते सांगू? मर्यादा संपल्यावर काय करतात याची. कुणी जादा बिल लावतं, कुणी वेग कमी करतं, कुणी साईटच बंद ठेवतं. जुलै 2021 च्या पुरासारखी वेळ आली, आंबेनळी घाट बंद झाला, तर बुकिंग केलेली माणसं रस्ता चालू आहे का बघायला तुझ्याच पानावर येतील. त्या दिवशी साईट बंद नको. तेव्हा 80 टक्के वापर झाला की मेल येईल अशी सोय मागून घे, आणि मर्यादेनंतर काय होतं याचं उत्तर फोनवर नको, लेखी घे.