टपटप कुठून येते?

हेड उतरवून दुरुस्त केलेली जुनी मोटार घरी येते. इंजिन चालू केले, की वरून टपटप, टपटप ऐकू येते. मालक घाबरतो. एवढे पैसे ओतले आणि हे काय? तो मिस्त्रीला म्हणतो, "आवाज तेवढा बंद करून द्या." इथेच फसगत होते. आवाज कशाचा, हे आधी विचारायला हवे.

प्रीमियर पद्मिनी ही गाडी उदाहरणाला घेऊ. ती कुर्ल्याच्या कारखान्यात होत असे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सर्वांच्या ओळखीची. टॅक्सीला २० वर्षांची मुदत असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचा तो धंदा संपला. घरच्या गाड्या मात्र कोणी कोणी अजून जपल्या आहेत.

तिच्या इंजिनात ४ सिलिंडर आणि ८ व्हॉल्व्ह असतात. प्रत्येक सिलिंडरला एक व्हॉल्व्ह पेट्रोल आणि हवा आत घेणारा, दुसरा धूर बाहेर सोडणारा. खाली कॅमशाफ्ट फिरतो. तो पुशरॉड नावाची सळई वर ढकलतो. सळई रॉकरचे एक टोक उचलते आणि रॉकरचे दुसरे टोक व्हॉल्व्हला खाली दाबते. मुलांच्या सी-सॉसारखेच हे, बरे का. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये बारीकशी फट मुद्दाम ठेवलेली असते. ती का? लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतो तेव्हा ती आधी तापवतो. तापली की ती वाढते. व्हॉल्व्हही तापून लांब होतो. त्या वाढीला ही जागा लागते.

फट फार झाली की रॉकर व्हॉल्व्हवर आपटतो. तीच टपटप. कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर एका व्हॉल्व्हची टपटप मिनिटाला ४०० वेळा होते. ती हलकी आणि वरून येते. खालून जड ठोका येत असेल, तर ते बेअरिंगचे दुखणे समजावे आणि गाडी चालवू नये.

वर्गातला गलबला ऐकून कोणत्या बाकावर गडबड आहे, ते जुन्या मास्तराला कळते. इथेही कान लावावा. लाकडी काठीचे एक टोक झाकणावर टेकवा, दुसरे कानाशी धरा, आणि एकेका सिलिंडरपाशी ऐका. पंख्याजवळ धोतर, पदर, सैल बाही जाऊ देऊ नका.

आवाज थंडीत मोठा आणि तापल्यावर कमी होत असेल, तर धुराच्या नळाचे गॅस्केट फुंकत असेल, तेही पाहावे. झाकण काढल्यावर रॉकर कोरडे दिसले, तर तेल वर पोहोचत नाही. हेड बसवताना तेलाची वाट बुजली असेल. तिथे फट कमी करून काही उपयोग नाही.

आता फट मोजणे. त्यासाठी फिलर गेज असते. ती पातळ पात्यांची जुडी. पात्यावर आकडा कोरलेला असतो तो वाचता आलाच पाहिजे. ०.१५ मिलिमीटर म्हणजे इंचाचे सुमारे ६ हजारांश. काही पात्यांवर मिलिमीटर, काहींवर इंच असतात. घोटाळा होतो तो इथे. फट किती, आणि ती थंड इंजिनावर मोजायची की गरम, हे गाडीच्या पुस्तकात पाहावे. ४ नंबरचा एक व्हॉल्व्ह मिटत असतो आणि दुसरा उघडू लागतो, त्या वेळी १ नंबरचे दोन्ही पुरते मिटलेले असतात. तेव्हा १ नंबरचे मोजावे. तसेच १ वरून ४, २ वरून ३ आणि ३ वरून २. रॉकरच्या टोकाला झिजून खळगा पडला असेल, तर पाते त्यावर आडवे बसते आणि फट खरी असते त्याहून कमी दाखवते. मग माप बरोबर, तरी आवाज चालूच.

आमच्या शेजाऱ्यांच्या पद्मिनीला एका मिस्त्रीने सगळे स्क्रू आवळून दिले. गाडी अगदी गप्प झाली. सगळे खूश. महिनाभरात ती घाट चढेना. हेड पुन्हा उघडले, तर धूर सोडणाऱ्या एका व्हॉल्व्हची कड जळून गेलेली. फटच नसेल, तर तापलेला व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. मिटल्यावर तो आपली उष्णता बैठकीला देऊन थंड होतो. मिटलाच नाही, तर जळतो. आणि जळताना तो टपटप करीत नाही. पहिला खर्च पाण्यात गेला, दुसरा नव्याने बसला.

हेडच्या दुरुस्तीनंतर फट आपोआप कमी होत जाते, हेही ध्यानात धरावे. नवे गॅस्केट दबते आणि हेड किंचित खाली येते. घासलेला व्हॉल्व्ह बैठकीत रुततो आणि त्याचे टोक रॉकरकडे सरकते. म्हणून काही शे किलोमीटर गाडी चालल्यावर, पुस्तकात सांगितले असेल तसे, हेडचे नट ठरल्या क्रमाने पुन्हा आवळतात. त्यानंतर आठही फटी पुन्हा मोजतात. बिल देण्यापूर्वीच मिस्त्रीला विचारून ठेवा, "परत कधी आणू?" आणि तो सांगेल तो आकडा किलोमीटरच्या काट्यासह वहीत लिहून ठेवा.