फेअरवे वुड की हायब्रिड?

गोल्फच्या नियमांनुसार बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. म्हणून बॅग भरलेली असेल, तर नवा क्लब घेताना एक जुना काढावाच लागतो. माझ्यापुढे प्रश्न होता, पाच नंबरचा फेअरवे वुड ठेवू की तीन नंबरचा हायब्रिड?

दोघांचा लॉफ्ट जवळपास सारखाच, १८ ते २० अंश. पण वुडचा दांडा साधारण दोन इंच लांब आणि डोके मोठे. त्याने चेंडू जमिनीलगत झाडू फिरवल्यासारखा मारायचा. नीट लागला तर तो उंच आणि लांब जातो व ग्रीनवर पडून फार पळत नाही. हायब्रिडचे डोके लहान. तो आयर्नसारखा किंचित वरून खाली मारायचा. रफमधल्या दाट गवतातून तो सहज निघतो. उन्हाळ्यात फेअरवेवरचे गवत विरळ होऊन जमीन कडक झाली, की वुडचा रुंद तळ आपटून उसळतो. हायब्रिड तिथेही चालतो.

मी दोन्हींनी दहा-दहा चेंडू मारले. सर्वांत लांब गेलेला चेंडू वुडचा होता. पण वुडचे चार चेंडू जमिनीवरून घसरत गेले, हायब्रिडचा एकच. मी हायब्रिड ठेवला.

तुम्हीही असेच करून पाहा. चेंडू टीवर नको, गवतावर ठेवा. आणि आपला सर्वोत्तम फटका मोजू नका, चुकलेले मोजा. स्कोअरकार्डवर तेही लिहावे लागतात.