सिनेमा तर बनला, पुढे काय?

मित्रांनो, कॅमेरा, लेन्स आणि एडिटिंग यावर आपल्या होस्टेलमध्ये रात्र रात्र चर्चा होते. पण बनलेला सिनेमा विकतात कसा, हे कुणीच विचारत नाही. म्हणून हा लेख. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे मराठी इकडेतिकडे झालं तर सांभाळून घ्या. हिशोब मात्र नीट तपासलाय!

आधी 'इंडिपेन्डन्ट' म्हणजे काय ते बघू. ज्याच्या मागे मोठा स्टुडिओ नाही आणि जो पूर्ण होईपर्यंत गिऱ्हाईकही ठरलेलं नसतं, तो स्वतंत्र सिनेमा. स्टार नाही, जाहिरातीला पैसा नाही. मग लोकांना कळणार कसं? इथे फेस्टिव्हल कामाला येतो. तो नुसता सत्कार नसून एक प्रकारचं क्वालिटी सर्टिफिकेट असतं. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला २०१४ साली व्हेनिसमध्ये दोन पुरस्कार मिळाले. मग राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि एप्रिल २०१५ मध्ये तो आपल्याकडे थिएटरात लागला. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ने २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत सनडान्सला जागतिक विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळवला आणि त्याच सप्टेंबरमध्ये तो भारतात प्रदर्शित झाला. आधी बाहेर नाव, मग घरी तिकीटबारी, असा हा उलटा प्रवास आहे.

फेस्टिव्हलच्या आसपासच बाजार भरतो. कानला तो १९५९ पासून आहे. गोव्यात इफ्फीच्या वेळी एनएफडीसीने २००७ मध्ये फिल्म बाजार सुरू केला. इथे भेटतो सेल्स एजंट. हा सिनेमा विकत घेत नाही, तर एकेका देशाचे हक्क तिथल्या वितरकाला विकून देतो आणि त्यावर कमिशन घेतो. शिवाय प्रवास, पोस्टर वगैरे त्याचा खर्च आधी वळता होतो. म्हणून करारात खर्चाची कमाल मर्यादा लिहून घ्यावी, नाहीतर निर्मात्याच्या हाती काहीच उरत नाही. वितरक जी रक्कम आगाऊ देतो तिला मिनिमम गॅरंटी म्हणतात. सिनेमा पडला तरी ती परत मागत नाहीत.

आता थिएटरचं गणित. २००९ च्या संपानंतर हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात वाटा ठरला: पहिल्या आठवड्यात वितरकाला ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. समजा तिकीट २३६ रुपयांचं आहे. १८ टक्के जीएसटी काढला की २०० उरतात. त्यातले १०० थिएटरचे, १०० वितरकाचे. वितरकाचं कमिशन १५ टक्के धरलं तर निर्मात्याला ८५ रुपये. सिनेमाला १ कोटी आणि प्रसिद्धीला ५० लाख लागले असं मानू. दीड कोटी भागिले ८५, म्हणजे साधारण १ लाख ७६ हजार तिकिटं. ३०० खुर्च्यांच्या हॉलचे जवळजवळ ५९० हाऊसफुल शो, तेही सगळे पहिल्याच आठवड्यात! दुसऱ्या आठवड्यापासून वाटा घसरतो, म्हणजे तिकिटं आणखी लागतात. 'सिनेमा चांगला होता, पण चालला नाही' या वाक्यामागे हे आकडे असतात.

अर्थात जॅकपॉटही लागतो. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' १९९९ साली सनडान्सला दाखवल्यावर एका कंपनीने सुमारे ११ लाख डॉलरला घेतला आणि जगभरात जवळपास २४ कोटी ८० लाख डॉलरचा धंदा झाला. पण लॉटरी लागलेल्याचा फोटो पेपरात येतो, न लागलेल्यांचा येत नाही. ओटीटीनेही नवा रस्ता उघडला. ताम्हाणे यांचाच 'द डिसायपल' २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. तिथे तिकीटबारीची धाकधूक नाही, पण हक्क किती वर्षांसाठी आणि कुठल्या देशांसाठी देतोय, ते वाचूनच सही करावी.

आता आपल्या घरचा विषय. फिल्म क्लबची बावीस मिनिटांची फिल्म होस्टेलच्या वर्गणीतून झाली आहे. मेसचं बिल थांबवून पैसे देणारेही तुमच्यात आहेत. गॅदरिंगच्या रात्री ती यूट्यूबवर टाकावी, असा बऱ्याच जणांचा आग्रह आहे. माझं मत वेगळं आहे. काही मोठे महोत्सव नेटवर आधी आलेली फिल्म घेतच नाहीत. एकदा अपलोड केली की ते दार बंद. गॅदरिंगला हॉलमध्ये जरूर दाखवू, पण लिंक वर्षभर थांबवू. प्रवेश फी बऱ्याच ठिकाणी लागते, तेव्हा पन्नास ठिकाणी अर्ज न करता निवडक पाच ठिकाणी करू. संगीताची लेखी परवानगी आणि कलाकारांच्या सह्या आत्ताच घेऊ, कारण कागद नसतील तर उद्या गिऱ्हाईक येऊनही सौदा होत नाही.

पैसे परत येतील असं वचन मी देत नाही; शॉर्ट फिल्मला बाजार फारच लहान आहे. पण वर्गणी तुमची आहे, तेव्हा निर्णयही तुमचाच. शनिवारी मेसमध्ये जेवणानंतर मीटिंग आहे. सर्वांनी यावं, आणि येताना हे आकडे एकदा स्वतः मांडून बघावेत.