मळभ फुकट, सिलिका जेल विकत

जुनी थडगी, पडकी चर्चं, धुक्यात बुडालेल्या वाटा यांचे फोटो काढत हिंडणाऱ्याला घरून एक टोमणा ठरलेला असतो: लग्नाबिग्नाचे काढ की, हे काय अभद्र! अभद्र असेल-नसेल, पण हा छंद स्वस्त नक्की आहे. दगड हलत नाही आणि घाईही करत नाही. त्यावरच्या दोन ओळी लागल्या की दोन-तीनशे वर्षांपूर्वीचा माणूस नावानिशी, वयानिशी समोर येतो. मुंबईत आलेल्या साहेबाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, अशी एक जुनी म्हण होती. थिऑन विल्किन्सन यांनी 1976 साली भारतातल्या युरोपीय थडग्यांवर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘टू मान्सून्स’.

आता खर्चाकडे. जागेला पैसे जवळजवळ पडत नाहीत. वसईच्या किल्ल्यात फिरायला तिकीट नाही. मुरूडजवळच्या खोकरीच्या घुमटांनाही नाही. सिद्दी सुरूलखानाची मोठी कबर आणि शेजारच्या दोन, तिन्ही निवांत बघता येतात. जिथे तिकीट आहे, उदाहरणार्थ छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा, तिथे भारतीयांना 25 रुपये, ऑनलाइन काढलं तर 20, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना काहीच नाही. हातात धरून साधे फोटो काढायला वेगळे पैसे नाहीत. ट्रायपॉड उघडलात की मात्र रखवालदार येतो आणि त्याचं बरोबर असतं: पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात ट्रायपॉडला आधी परवानगी लागते. वसई आणि खोकरीसाठी ती खात्याच्या मुंबई मंडळाकडून, म्हणजे शीवच्या किल्ल्यातल्या कार्यालयातून. व्यावसायिक चित्रीकरण असेल तर शुल्क दिवसाला पाच आकडी होतं. छंदासाठी त्या वाटेला जाऊच नका. ड्रोन तर घरीच ठेवा.

वापरात असलेल्या दफनभूमीचा मामला निराळा. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत व्हिक्टोरिया टर्मिनसचे वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स आहेत, होमरूल चळवळीतले काका बाप्टिस्टा आहेत; पण तिथे आजही लोक आपल्या माणसांना भेटायला येतात. आधी कार्यालयात जाऊन विचारा, हेतू लेखी द्या, सोबत ओळखपत्राची प्रत ठेवा. रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्रायली दफनभूमींत हिब्रूच्या जोडीला मराठी मजकूर कोरलेले दगड आहेत. तिथेही विश्वस्तांना विचारूनच आत शिरावं. देणगीपेटी असेल तर शंभर-दोनशे टाका. ताज्या थडग्याचा आणि रडणाऱ्या माणसाचा फोटो मात्र परवानगी असली तरी काढू नये, असं माझं स्पष्ट मत.

प्रवासात वसई सगळ्यात परवडते. चर्चगेटहून वसई रोडपर्यंत लोकलच्या दुसऱ्या वर्गाचं तिकीट वीस रुपयांच्या आत, पुढे बस किंवा रिक्षा. मुरूडला पावसाळ्यात जायचं तर गेटवे-मांडवा लाँच बंद असते हे विसरू नका. एसटी बरी: महिलांना आणि 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना निम्मं भाडं, 75 च्या पुढे फुकट.

कॅमेऱ्यावर लोक नको तितके पैसे उडवतात. मळभाच्या मऊ उजेडात पाच वर्षांपूर्वीचा फोनही उत्तम काम देतो. कॅमेरा हवाच असेल तर किट लेन्ससकट जुना डीएसएलआर साधारण 20 ते 30 हजारांत मिळतो. घेताना लेन्स काढून मागून टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, सौदा तिथेच सोडा. खरा खर्च इथेच आहे. उदास उजेड जून ते सप्टेंबरात फुकट मिळतो, पण त्याच हवेत कोकणातला दमटपणा लेन्स खातो. बुरशी काढून घ्यायला दुरुस्तीवाला दीड ते तीन हजार सांगतो, आणि काचेवरचा लेप गेला असेल तर तो परत येत नाही. त्यापेक्षा स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलची पाकिटं, सगळे मिळून पाचशे-सातशे रुपये. जेल ओलं झालं की गरम करून पुन्हा वापरता येतं. विजेवर चालणारं कोरडं कपाट आठ हजारांच्या पुढे. तीन-चार लेन्स झाल्या तरच त्याचा विचार करा. पावसाचं आवरण तीनशेचं पुरतं.

पावसाळ्यात दगडावर शेवाळ चढतं आणि अक्षरं बुडतात. म्हणून वातावरण टिपायचं असेल तर श्रावण, मजकूर वाचायचा असेल तर डिसेंबर-जानेवारी. दोन्ही एका फेरीत साधत नाही.

वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चांत, विशेषतः फ्रान्सिस्कन चर्चमध्ये, पोर्तुगीज थडग्यांच्या शिळा जमिनीत बसवलेल्या आहेत. 1739 साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, त्याच्या आधीच्या या शिळा. छप्पर गेलं, भिंती उभ्या. त्यामुळे सकाळचं तिरपं ऊन भिंतीवर अडतं, आणि दुपारचं डोक्यावरून पडतं तेव्हा अक्षरांना सावलीच उरत नाही. फोटोत नुसती राखाडी फरशी येते. उपाय तीनशे-चारशे रुपयांचा एलईडी टॉर्च. सोबतच्याला शिळेवर छत्री धरायला सांगा, टॉर्च जवळजवळ जमिनीला टेकवून बाजूने मारा. बोटाला जेमतेम जाणवणारी खोच काळ्या रेघेसारखी उठून दिसते. दुसरा फोटो टॉर्च काटकोनात फिरवून घ्या, कारण उजेडाच्या दिशेने जाणाऱ्या रेघा पहिल्यात हरवतात. कॅमेरा शिळेला समांतर धरा आणि आपले बूट चौकटीत येऊ देऊ नका. एवढ्याने दोन लाखांचा कॅमेरा जे वाचू शकत नाही ते फोनने वाचता येतं.

अक्षरं उठावीत म्हणून खडू, पीठ किंवा दाढीचा फेस चोळणारे महाभाग भेटतात, तसं करू नका. तारेचा ब्रश, लिंबू, ॲसिड हेही वापरू नका. पालापाचोळा झटकायला पन्नास रुपयांचा मऊ ब्रश पुरे. संरक्षित स्मारकाला इजा केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असा कायदा आहे.

फोन असेल तर वसईची एक फेरी टॉर्च, ब्रश, नाश्त्यासकट हजाराच्या आत बसते. जुना कॅमेरा, साधा ट्रायपॉड, 64 जीबीचं कार्ड आणि सिलिका जेलचा डबा धरून सुरुवातीचा खर्च 25 ते 35 हजार. महागडी लेन्स एखाद्या दिवसापुरती हवीशी वाटली तर भाड्याने घ्या. मोठ्या शहरांत पाचशे-हजार रुपये रोज आणि वर अनामत, पण घेतानाच तिचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

आणि एखाद्या शिळेवरचा मजकूर स्वच्छ वाचता आला, तर त्याची पाच बाय सातची एक प्रिंट त्या परिसरातल्या चर्चच्या किंवा दफनभूमीच्या कार्यालयात, जागा आणि तारीख मागे लिहून, नक्की द्या. वीस-पंचवीस रुपयांचा खर्च आहे, आणि दगडावरची अक्षरं दर पावसाळ्यात थोडी थोडी झिजत आहेत.