वेगाच्या आधी वीज

जुन्या घरगुती संगणकात जास्त वेगाचा प्रोसेसर बसवायची इच्छा असेल, तर प्रोसेसरचं कार्ड सगळ्यात शेवटी विकत घ्या. हे अनेकांना पटत नाही, कारण कार्ड हेच तर या छंदातलं खरं आकर्षण. पण माझ्या टेबलावर अशी जी मशीनं दुरुस्तीला येतात, त्यांतली बरीचशी कार्ड बसवल्यावर बिघडलेली असतात. कार्ड घातल्यावर मशीन दहा मिनिटं चालतं, मग अडकतं, आणि मालक कार्डाला दोष देतो. खरा दोष त्याच्या खूप आधीचा असतो.

मी विट्यात यंत्रमागांच्या इलेक्ट्रॉनिक पॅनेलची कामं करतो. जुने संगणक हा त्या कामातूनच लागलेला नाद. माझ्याकडचं बीबीसी मायक्रो एका निवृत्त सरांनी शाळेच्या लिलावात घेऊन जपून ठेवलं होतं. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला आणि देशभरातल्या निवडक शाळांत इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचे हे संगणक आले. पुढे सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने तेच मशीन ‘युनिकॉर्न’ नावाने आपल्याकडे बनवलं. आज पन्नाशीला आलेल्या कितीतरी जणांनी आयुष्यातला पहिला संगणक पाहिला तो हाच.

त्यात ६५०२ हा प्रोसेसर २ मेगाहर्ट्झवर चालतो आणि मेमरी ३२ किलोबाइट. मला त्यावर शर्टिंगच्या चौकड्यांची डिझाइनं काढणारा बेसिक प्रोग्रॅम चालवायचा होता: ताण्याचे रंग, बाण्याचे रंग, डॉबीची उचल, आणि पडद्यावर तयार कापडाचं चित्र. अडचण लगेच लक्षात आली. चार रंगांचा मोड १ निवडला की पडदाच २० किलोबाइट खातो. डिस्कची सोय असलेल्या मशीनवर प्रोग्रॅमसाठी उरतात जेमतेम पावणेसहा किलोबाइट. एवढ्यात साधी दोन रंगांची पट्टीही धड मावत नाही.

याच अडचणीसाठी एकॉर्नने मशीनच्या पोटाला, कीबोर्डच्या खालच्या बाजूला, ‘ट्यूब’ नावाचा ४० पिनांचा जोड देऊन ठेवला होता. तिथे दुसरा प्रोसेसर लावता येतो. मला ही रचना फार आवडते, कारण जुना प्रोसेसर काढावा लागत नाही. तो कीबोर्ड, पडदा आणि डिस्क सांभाळतो. हिशेब दुसरा करतो. एकॉर्नच्या मूळ ६५०२ जोडप्रोसेसरला ३ मेगाहर्ट्झ वेग आणि स्वतःची ६४ किलोबाइट मेमरी होती. तो लावला की बेसिकला ३० किलोबाइट मोकळे मिळतात, आणि ‘हाय-बेसिक’ वापरलं तर ४४. माझ्या चौकड्यांना वेगापेक्षा या जागेची गरज जास्त होती. पुढच्या काळात घराघरांत पोचलेला एआरएम प्रोसेसरही २६ एप्रिल १९८५ रोजी पहिल्यांदा चालला तो बीबीसी मायक्रोच्या याच ट्यूबवर.

मूळ जोडप्रोसेसर आता दुर्मीळ आहेत. त्यामुळे हल्ली बहुतेक जण ‘पायट्यूबडायरेक्ट’ वापरतात. रास्पबेरी पाय झीरो हा छोटा संगणक ट्यूबला जोडायचा आणि तो सॉफ्टवेअरने ६५०२ किंवा झेड८० चं सोंग घेतो. मीही एका विक्रेत्याकडून असं तयार कार्ड मागवलं. लावलं, पडद्यावर ट्यूबची ओळ उमटली, प्रोग्रॅम चालला. थोड्या वेळाने अक्षरं विस्कटली, मशीन अडकलं. पुन्हा चालू केलं तर ट्यूबची ओळ येईना, आणि पाय झीरो हात लावता येणार नाही इतका तापलेला.

कार्ड उलटून पाहिलं तेव्हा कारण समोर आलं. बीबीसी मायक्रोचे संकेत ५ व्होल्टचे, पाय झीरोच्या पिना ३.३ व्होल्टच्या वर सोसत नाहीत. दोघांच्या मध्ये व्होल्टेज उतरवणाऱ्या वेगवान बफर चिपा असायलाच हव्यात. विक्रेत्याने पैसे वाचवायला त्या जागी नुसते रेझिस्टर टाकले होते. असं कार्ड पहिल्या दिवशी चालतं, म्हणूनच ते विकलं जातं. विकत घेण्यापूर्वी कार्डाच्या दोन्ही बाजूंचे जवळून काढलेले फोटो मागा. त्यात बफर चिपा दिसल्या पाहिजेत, त्यांचे नंबर वाचता आले पाहिजेत. विक्रेता फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबा.

अमिगा या दुसऱ्या जुन्या घरगुती संगणकात कार्ड बसवणाऱ्यांनाही हेच सांगेन. तिथे ६८०४० प्रोसेसर ५ व्होल्टचा आणि १९९४ मध्ये आलेला ६८०६० मात्र ३.३ व्होल्टचा. व्होल्टेज उतरवण्याची सोय नसलेल्या कार्डावर ६८०६० बसवला तर तो जातो. शिवाय बाजारात वरचा थर घासून नवे नंबर छापलेले ६८०६० फिरतात. पूर्ण म्हणून विकलेला प्रोसेसर प्रत्यक्षात ‘एलसी’ निघतो, म्हणजे दशांश गणिताचा भाग नसलेला. पैसे देण्याआधी चाचणीच्या प्रोग्रॅमने तो ओळखून दाखवायला सांगा.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. दुसरं, चांगलं कार्ड मिळाल्यावरही मशीन अधूनमधून अडकत होतं. मीटर घेऊन ६५०२ च्या पिनांवरच मोजलं. ८ नंबरची पिन ५ व्होल्टची, १ आणि २१ जमिनीच्या. पॉवर सप्लायच्या तोंडाशी ५ व्होल्ट बरोबर होते, चिपपाशी मात्र ४.७ च्याही खाली. बीबीसी मायक्रोत सप्लायपासून बोर्डाला ५ व्होल्टच्या वेगवेगळ्या जोड्या येतात आणि त्यांची टोकं पिनांवर नुसती दाबून बसवलेली असतात. चाळीस वर्षांत त्यांवर गंज चढतो. बोर्ड एकटा असेल तर ते कसंबसं भागवतं. कार्डाचा भार वाढला की व्होल्टेज कोसळतं. टोकं घासून, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून, किंचित आवळून बसवली आणि मशीन शांत झालं. म्हणून मोजमाप नेहमी चिपपाशी घ्या, सप्लायपाशी घेऊन समाधान मानू नका.

आणि त्याच्याही आधीचं काम सप्लायच्या पेटीच्या आत आहे. तिथे मेन्सवर थेट लावलेले पिवळसर पारदर्शक कवचाचे कपॅसिटर असतात. वयानुसार कवचाला चिरा पडतात, आत दमट हवा शिरते आणि एक दिवस ते फुटून खोली धुराने भरते. वर्षानुवर्षं बंद असलेलं मशीन पहिल्यांदा चालू करताना हे पुष्कळदा होतं. आमच्याकडे त्यांच्यावर ताण जास्तच येतो, कारण माग बंद असतात तेव्हा व्होल्टेज चढतं आणि सगळे एकदम सुरू झाले की उतरतं. हे कपॅसिटर चांगले दिसत असले तरी बदला, आणि बदलताना ‘एक्स२’ खूण असलेले, त्याच मापाचे घ्या. साधा कपॅसिटर तिथे चालत नाही. मात्र पेटी उघडण्याआधी प्लग काढून बराच वेळ थांबा आणि आतल्या मोठ्या कपॅसिटरवर मीटर लावून बघा. २३० व्होल्टची वीज तिथे सव्वातीनशे व्होल्ट डीसी होऊन साठलेली असते. या कामाची सवय नसेल तर पॉवर सप्लाय दुरुस्त करणाऱ्याकडे जा. यात कमीपणा काही नाही.

विट्यासारख्या गावात आणखी एक शत्रू म्हणजे सुताचं तूस. ते मशीनच्या फटींतून आत जातं, पावसाळ्यात ओल धरतं आणि सॉकेटच्या पायांशी चिकटून बसतं. मऊ ब्रशने झाडा, सॉकेटमधल्या चिपा हलक्या हाताने दोन्ही टोकांनी थोड्या थोड्या उचलून काढा, पाय पुसा, परत बसवा. चिप कोणत्या दिशेला होती याचा फोटो आधी काढून ठेवा.

ट्यूबबद्दल दोन बारीक गोष्टी. मशीनमध्ये ट्यूब ओळखणारा प्रोग्रॅम डिस्कच्या रॉममध्ये असतो. फक्त कॅसेटवर चालणाऱ्या मशीनमध्ये तो नसेल, तर कितीही चांगलं कार्ड गप्प बसेल. तेव्हा आधी रॉमची सोय करा. दुसरं म्हणजे पाय झीरोवरचा ६५०२ दोनशे मेगाहर्ट्झच्या वर पळतो, पण पडद्याच्या मेमरीत थेट लिहिणारे खेळ त्यावर चालत नाहीत. त्यांच्यासाठी कार्ड बंद ठेवावं लागतं. चित्र काढण्याचा वेगही फारसा वाढत नाही, कारण ते काम शेवटी जुन्या प्रोसेसरकडेच असतं. माझं डिझाइन हिशेबात झटपट तयार होतं आणि पडद्यावर सावकाश उमटतं.

जे काही कराल ते परत उलटवता येईल असं करा. मूळ बोर्डाची तार कापून किंवा सॉकेट उपटून केलेला वेग मला मान्य नाही. या मशीनचे बरेचसे मूळ सुटे भाग आता बनत नाहीत.

माझा चुलतभाऊ गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात आहे. खानापूर-आटपाडीकडची माणसं या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत, आणि जुन्या बोर्डांवरचं सोनं त्यांच्या नजरेतून सुटत नाही. तो माझ्या टेबलावरचा बोर्ड बघून म्हणाला, “दादा, यात सोनं कितीसं निघणार?” निघणार फार थोडं. बीबीसी मायक्रोच्या बहुतेक चिपा प्लास्टिकच्या आहेत. सोन्याच्या पिनांचे जुने सिरॅमिक प्रोसेसर वेगळे. तेव्हा गलाईवाल्या भावांना आणि भंगारवाल्यांना माझी विनंती आहे: शाळेच्या लिलावातून बीबीसी मायक्रो, युनिकॉर्न किंवा पुण्याच्या डेसिबेल्सचा डीबी स्पेक्ट्रम हाती आला, तर तो फोडण्याआधी एखाद्या दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा. बंद पडलेला असला तरी दाखवा.